तीन गिअर

विचुंबे गावाच्या वाटेवर एका काकांचं लेथ मशीनचं वर्कशॉप आहे. आर्ट कॉलेजपासून मी यंत्रांची चित्रं काढते, म्हणजे नुसती वर्तुळं, दाते आणि सरळ रेषा, कंपास आणि पट्टीनं. म्हणून रविवारी तिथे स्टूल टाकून बसते.

एकदा एकमेकांत दाते अडकलेले तीन गिअर त्रिकोणात काढले होते. काकांनी हात पुसले, कागदावर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हे जाम होनार. पयला उजवीकडं फिरला की दुसरा डावीकडं. मग तिसऱ्यानं कुनाचं ऐकायचं? एक काढून टाका."

मी चिडले. "काका, हे चित्र आहे. याला कुठे फिरायचंय?"

"मग दाते कशाला काढले?"

मी कागद गुंडाळून उठले. घरी येऊन एक गिअर खोडला. चित्र गुळगुळीत झालं आणि मेलं. तेव्हा कळलं, मला तेच तर हवं होतं: तिघंही जोर लावताहेत आणि कुणीच हटत नाही. तिसरा परत काढला, सगळ्यात जाड शाईनं. दात्याला दाता नेमका भिडेपर्यंत चार कागद फाडले.

खारघरच्या प्रदर्शनात ते चित्र लावलं, तेव्हा लोक म्हणत होते, "काय गती आहे!" काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले, हवेत बोट फिरवून पाहिलं.

"अजून जामच हाय."

अख्ख्या हॉलमध्ये त्यांना एकट्यालाच ते दिसलं होतं.

"हो," मी म्हटलं, "आणि तसंच राहणार."