जावई चाकाखाली, सासरे पेडलवर

सासऱ्याला ब्रेकवर बसवू नये. हे मी अनुभवाने सांगतोय, आणि मामाजी (म्हणजे माझे सासरे) आत्ता समोर चहा पीत बसलेत तरी सांगतोय.

धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई (आमच्याकडची जत्रा) भरते आणि संध्याकाळी नाटक लागतं. पोस्टरवर नटांपेक्षा पाहुण्यांचीच नावं जास्त: उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष. गेल्या वर्षी सावलीजवळच्या माझ्या सासुरवाडीत सहउद्घाटकांमध्ये माझं नाव छापलं. अकरावं होतं, पण होतं. मामाजींनी त्यासाठी मंडळाशी भांडण केलं होतं आणि जावई स्वतःच्या चारचाकीने येणार म्हणून गावभर सांगून ठेवलं होतं. आपणही त्याच गाडीतून गावात शिरावं म्हणून ते मुद्दाम एस.टी.ने कुरखेड्याला आमच्याकडे येऊन राहिले.

आणि आदल्या दिवशी ब्रेक गेला. पेडल दाबलं की पाय थेट तळाला. मिस्त्रीला फोन लावला.

"मास्टर सिलिंडर गेला सर. पण मी सासऱ्याच्या गावी मंडईले आलो. आता नाई येत."

(कुरखेड्यातले बाकीचे मिस्त्रीही कुणाचे ना कुणाचे जावई निघाले.)

मग मी वडशाहून नवा सिलिंडर आणला, मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि पाना घेऊन अंगणात उतरलो. मी शाळेत भूगोल शिकवतो. माझी बायको सुनंदा एवढंच म्हणाली, "अवो, मागच्या साली पंखा खोलला होता तुमी. तो अजून टोपल्यात आहे."

सिलिंडर मात्र बसला. सगळे नट लावून एक उरला, तो खिशात टाकला. आता ब्रेकमधली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागे आडवं पडून बारका स्क्रू सैल करायचा, हवा सोडायची आणि पुन्हा आवळायचा. तोवर पेडलवरचा पाय उचलला की गेलेली हवा परत आत.

मामाजी हौसेने पेडलवर बसले. मी चाकामागे लोळलो. "दाबा मामाजी." त्यांनी दाबलं. मी स्क्रू सैल केला, बुडबुडे निघाले, आणि गाडीचं दार उघडलं. मामाजी खाली उतरून हात जोडून उभे.

"पाय काऊन काढला?"

"तुमी मातीत लोळून राह्यले अन् मी वर सीटवर बसू? लग्नात पाय धुतले मी तुमचे. नाई जमत जी, पाप लागते."

समजावून पुन्हा बसवलं. मी पुन्हा आडवा झालो, ते पुन्हा उतरले. असं करता करता अर्धी बाटली ब्रेक ऑइल अंगणाला पाजलं आणि आधी होती त्याच्या दुप्पट हवा आत भरली. शेवटी म्हटलं, मी वर बसतो, तुम्ही खाली जा. मामाजींना ते लगेच पटलं. ते चाकाखाली शिरतात न शिरतात तोच सुनंदा बाहेर आली.

"माह्या बापाले मातीत झोपवलं, अन् सोता सीटवर?"

तिने आम्हा दोघांनाही हाकललं, स्वतः पेडलवर बसली आणि मला खाली पाठवलं. मी खाली आणि ती वर, यात तिला काहीच पाप दिसलं नाही. चुलीवरचा भात शिजायच्या आत सगळी हवा निघाली.

खरं तर तिथेच थांबायचं होतं. व्हिडिओतला माणूस म्हणत होता, पेडलच्या दांडीला थोडी मोकळीक ठेवा. पण एवढा पोस्टरवरचा माणूस मी, मोकळीक कशाला ठेवतो? दांडी पार आवळून टाकली.

दुसऱ्या दिवशी निघालो. वैनगंगेचा पूल येईपर्यंत मामाजी खिडकीतून हात काढून राजासारखे बसले होते. मग गाडी जड झाली.

"जवाईबापू, कोणीतरी टायर जाळून राह्यलं."

ते आम्हीच होतो. दांडीला मोकळीकच नव्हती, त्यामुळे लागलेले ब्रेक सुटेचनात. गाडी तापली की जाम, गार झाली की चालू. काल थांबत नव्हती, आज चालत नव्हती. दिवेलागणीला कशीबशी सासुरवाडीच्या वेशीवर आलो.

मी म्हटलं, "मामाजी, इथीच ठेवू. पायी जाऊ."

"नाई जी. थेट मंडपापर्यंत न्या. गावाले सांगून ठेवलं आहे."

मंडपाच्या दारात, अगदी मधोमध, चारही चाकं जाम झाली आणि धूर निघाला. नाटकाचाच काही प्रकार असेल असं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइकवरून पुकारा झाला, "अकरावे सहउद्घाटक, गाडी काढा. तिकीटवाली पब्लिक बाहेर उभी आहे." गावातल्या पोरांनी ढकलून पाहिलं, गाडी तसूभर हलली नाही. शेवटी अख्खं गाव दोन्ही बाजूंनी अंग चोरून आत गेलं, आणि जाताना प्रत्येकाने काचेतून डोकावून पाहिलं. मला गाडीतच गडप व्हावंसं वाटत होतं. मामाजी मात्र ताठ बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "हे आमचे जवाई."

यंदाचं पोस्टर ते आज स्वतः घेऊन आलेत. माझं नाव अकराव्यावरून थेट पहिल्या नंबरवर! मी चकित झालो.

"एवढं कसं जमवलं मामाजी?"

"यंदा भांडलोच नाई जी. मंडळाची एकच अट होती, ते म्या मान्य केली."

मी चष्मा लावून पोस्टर नीट वाचलं. माझ्या नावाखाली, माझ्या नावापेक्षाही ठळक अक्षरांत, कंसात छापलं होतं: (एस.टी.ने येत आहेत).