घरटी एक पायली

अमावास्येचं उधाण रात्रीच येऊन गेलं होतं. माघातली थंडी अजून सरली नव्हती. खाडीवर धुकं असं बसलं होतं की पलीकडची मिठागरं दिसेनात, नुसते मिठाचे ढीग तेवढे मधूनच डोकं वर काढत. उजाडता उजाडता पुंडलिकाने कोपरखार गावात हाळी घातली. तो गावकीचा पंच. उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, अंगाला बांधाला खांड गेली होती, चांगली चार हात रुंद. ओहोटी आहे तोवर ती बुजवायची. नाहीतर दुपारची भरती थेट भातशेतात, आणि एकदा खारं पाणी आत शिरलं की दोन-तीन वर्षं त्या मातीत भात धरत नाही.

बांधाचं काम निघालं की घरटी एक माणूस, ही गावाची रीत. ज्याची वीस गुंठे त्याचाही एक, ज्याची दहा एकर त्याचाही एकच.

चंद्रावतीने चहाचं भांडं चुलीवरून उतरवलं, लुगडं वर खोचलं आणि डोक्याला टॉवेल गुंडाळला. तिचा नवरा नाथा ओट्यावर बिडी ओढत बसला होता.

"तू रहा. आज मी जातो," तो म्हणाला.

"कनाला? माझं पाय मोडलंत?"

"पाय नाय गो. आठ दिवस तू दाराबाहेर तोंड काढलं नायस."

"व्हय. मग आज काढते."

आठ दिवसांपूर्वी पेणला मतमोजणी झाली होती आणि पंचायत समितीच्या निवडणुकीत चंद्रावती पडली होती.

तिला काही पुढारी व्हायचं नव्हतं. बांध दगडाचा व्हायला पायजे, एवढं एकच तिचं म्हणणं. त्यासाठी सात वर्षं ती पेणच्या कचेऱ्यांत खेपा घालत होती. शेवटी कुणीतरी कंटाळून सांगितलं, मावशी, पंचायत समितीत तुमचं माणूस असतं तर फाइल हलली असती. तेवढं बोलणं पदरात बांधून ती घरी आली आणि उभी राहिली.

अर्ज भरायला गेली तेव्हा टेबलामागच्या साहेबाने खर्चाची मर्यादा वाचून दाखवली. एवढ्याच्या वर खर्च करायचा नाही. आकडा ऐकून चंद्रावतीला हसू आलं.

"साहेब, वरची हद्द सांगितलीत. खालची कोण भरून देणार?"

"म्हणजे?"

"मशीन सरकार देतं. शाई सरकार देतं, पोलीस बी सरकारच देतं. मग सगळ्या उमेदवारांना सारखी एकेक रिक्षा नि सारखा एकेक भोंगा का नाय देत? म्हणजे कोण काय बोलतो तेवढंच लोक ऐकतील. कुणाच्या गाड्या किती, ते मोजत नाय बसणार."

साहेब भला माणूस होता. त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, तसा नियम नाही आपल्याकडे," म्हणाला. मग जरा थांबून, "असता तर बरं झालं असतं."

सरकार देत नाही म्हटल्यावर गावाने द्यायचं ठरवलं. देवळासमोर बैठक बसली आणि पुंडलिक म्हणाला, "बांधाला जसा घरटी माणूस, तशी परचाराला घरटी एक पायली तांदूळ." कान्हूची जमीन सगळ्यांत जास्त. तो अख्खं पोतं द्यायला निघाला.

"बांधावर तू दोन माणसं धाडतोस काय रं?" पुंडलिकाने त्याला अडवलं. "मग तांदूळ कनाला जास्त? उद्या म्हणशील, चंद्रावती अर्धी माझी."

"अर्धी नको बाबा," कान्हू म्हणाला, "नाथाला पुरी झेपत नाय."

बैठक हसून हसून लोळली. एकही घर सुटलं नाही. तांदूळ विकून एक रिक्षा, एक भोंगा आणि तिच्या कपबशीच्या निशाणीची पिवळी पत्रकं झाली. भोंग्यावर सरू असायची. सरू चंद्रावतीची जिवाची मैत्रीण. चौदाव्या वर्षी दोघी एकाच दिवशी मिठागरावर लागल्या, आणि तेव्हापासून पस्तीस वर्षं एकीच्या डोक्यावर दुसरीने मिठाची पाटी चढवली होती. प्रचारात सरूचा आवाज बसला. मग ती हळद घातलेलं दूध पिऊन बसक्या आवाजात ओरडत राहिली.

समोर होता रितेश, पेणच्या जमीनवाल्या हैबतरावांचा पुतण्या. त्याच्या गाड्याच चौदा. बांध फुटला, शेतं खारवली, की हैबतराव ती पडीक म्हणून मातीमोलाने घेणार, हे गावातलं शेंबडं पोरही जाणून होतं. त्यामुळे चंद्रावतीला भीती नव्हती. शेवटच्या सभेत तिने छाती ठोकून सांगितलं, "पैसं वाटायला येतील. आले तर घ्या. आपल्याच जमिनीतनं काढलेलं हायत ते. घ्या, नि मत बांधाला द्या."

टाळ्या पडल्या. घरी आल्यावर नाथा म्हणाला, "हे बोलायला नको होतंस."

"का?"

"आपली माणसं फुकट घ्यायची नायत गो. घेतलं तर त्याचं काम करतील."

ती त्याच्यावर उखडली. म्हणाली, तुला माणसं कळत नायत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रितेशची माणसं गावदेवीच्या पायरीवर येऊन बसली. पुढ्यात ताट, ताटात नारळ, बाजूला पाकिटं. नारळावर हात ठेवायचा आणि पाकीट उचलायचं. चंद्रावती तेव्हा रिक्षातून शेजारच्या गावात फिरत होती. कानावर आलं, तरी ती हसलीच. घेऊ देत, म्हणाली.

बाकीच्या गावांचं तिला फारसं लागलं नाही. पण कोपरखारच्या मशीनमध्ये सहाशे बारा मतं पडली, त्यांतली तिची एकशे त्रेचाळीस. घरटी एक पायली दिलेल्या गावात.

बांधावर आता दीडशेक माणसांची रांग लागली होती. आतल्या अंगाला चिकणमातीचे गोळे कापायचे आणि हातोहात खांडीपर्यंत पोचवायचे. तिथे पुंडलिक गुडघाभर चिखलात उभा राहून पेंढ्याच्या थरावर ते दाबत होता. चंद्रावती आली तशी बोलणी थांबली. रांगेत तिला जागा मिळाली, पण डावीकडचा माणूस उगाच खोकत जरा लांब सरकला.

"रितेशसायबांना फोन लावा कुणी," मागून एकजण म्हणाला. "नारळ घेऊन येतील. त्योच घाला खांडीत."

कुणी हसलं नाही. डावीकडच्या मोकळ्या जागेत सरू येऊन उभी राहिली. तिने गोळा पुढे केला, चंद्रावतीने घेतला आणि पुढे दिला. असे दहा-बारा गोळे गेले.

"चंद्रा."

"बोल."

"आमची चारी मतं त्याला गेली गो."

चंद्रावतीच्या हातातला गोळा हातातच राहिला. पुढचा माणूस हात पसरून थांबला होता. तिने गोळा दिला.

"पोराचं कंपनीतलं काम सुटलंय," सरू म्हणाली. तिचा मुलगा रोह्याजवळ वरसे गावात भाड्याच्या खोलीत राहायचा. "सून नि नातू तिथंच. म्हटलं, घेते. तूच सांगितलं होतंस घ्या म्हणून."

"घ्या म्हटलं. मत मला द्या, असं बी म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. मशीनपुढं गेले, तुझी कपबशी दिसली. बोट नेलं बी तिकडं. पण नारळावर हात ठेवला होता गो, देवीच्या पायरीवर. वाटलं, उद्या नातवाला काय झालं तर कुणाला सांगू?"

"तांदूळ दिलास तो?"

सरूचा आवाज अजून बसलेलाच होता. "तांदळाला कुणी शपथ नव्हती घातली, चंद्रा."

चंद्रावतीने मान वर करून रांगेकडे पाहिलं. आठ दिवस तिने या सगळ्यांना मनातल्या मनात चोर म्हटलं होतं, आणि त्यानेच तिला जरा बळ आलं होतं. चोर असते तर बरं होतं. पण ही माणसं बोलल्याप्रमाणे वागली होती. हाळी आली की येतात तशीच. पाकीट घेतलं, त्याचं केलं. आणि घ्या असं सांगणारी ती स्वतः होती. तिने शपथ मागितली नव्हती. आपल्या माणसांना कुठे शपथ घालायची असते?

तिला रडू फुटलं. हात चिखलाचे होते, म्हणून डोळे दंडाला पुसले. सरूही रडत होती, पण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. दगडाचा बांध पाच वर्षं तरी लांब गेला होता.

"हात चालवा रं," खांडीतून पुंडलिक ओरडला. "पाणी फिरलंय."

उघाडीच्या दारापाशी फेस दिसू लागला होता. सरूने गोळा उचलला आणि तसाच धरून उभी राहिली. तो घेतला जाईल की नाही, याची जणू तिला खात्री नव्हती.

"आण," चंद्रावती म्हणाली.

तिने तो घेतला, पुढे दिला आणि पुढच्या गोळ्यासाठी हात पसरले.