वाळूची पिशवी

नगरच्या दवाखान्यात आईच्या खाटेच्या पायथ्याशी दोरीला वाळूची पिशवी टांगलेली असे. खुब्याचं मोडलेलं हाड जुळेपर्यंत पाय असा ताणून ठेवायचा, ही तेव्हाची रीत. डॉक्टर वजन सांगत, नर्स पट्टी बांधी, आणि पिशवीवर लक्ष ठेवी तो वॉर्डबॉय. पन्नाशीचा, अबोल माणूस. पिशवी झुलली की आईच्या कंबरेत कळ जाई, म्हणून जाता-येता तो तिला हात लावून थांबवी. पुढे पुढे खिडकीचा पडदा हललेलाही त्याला बघवेना. मला तो चाळाच वाटे.

दुष्काळाचं वर्ष होतं. घरची सगळी माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जात. मी शाळामास्तर, पारनेरहून फक्त रविवारी यायचो. आई म्हणायची, "दिसभर त्योच एक येतो बाबा. बोलत न्हाई, पन येतो."

आईला घरी नेल्यावर कितीतरी महिन्यांनी तो मला एसटी स्टँडवर भेटला.

"आई चालत्यात का आता, गुरुजी?"

"आई गेली."

माझ्या हातातली बाजाराची पिशवी हलायला लागली होती. त्याने ती खालून धरली आणि माझी गाडी लागेपर्यंत सोडली नाही.