दुसरे हवालदार मी पाडले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही, पोटात चार घोट गेल्यावरसुद्धा नाही. म्हणजे बघा, किती जपलंय! आज तुम्हाला सांगतो. मान खाली घालून सांगेन अशी आशा असेल तर मात्र ती सोडा. नटाची मान आहे, वरच राहते.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. भाजीची नव्हे, जत्रेसारखी. आणि मंडई म्हटली की नाटक लागतंच. नवं शतक उजाडता उजाडता गोंदियाच्या आमच्या मंडळीनं ‘दोन हवालदार, एक सायकल’ आणलं. कोंबडीचोराच्या मागे लागलेले दोन पोलीस. पुढे हँडल धरून बारीक हवालदार, तो मी. मागे कॅरियरवर जाडा हवालदार, तो देवाजी. दिवसा राइस मिलमध्ये पोती शिवायचा, आणि माझा जिवलग. मी एंट्री घेतली की लोक उभे राहायचे! देवाजी पडायचा, मार खायचा, मला वाक्यं पुरवायचा. टोले मी हाणायचो.

मग मंडळीला दुसरा भाग हवा झाला. लिहिला कोणी? देवाजीनं.

अजूनही आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजारात कोणीतरी अडवतं, “दादा, दुसरा भाग पहिल्यावानी नाही जमला ना जी?” मी उसासा टाकतो (सुंदर टाकतो) आणि म्हणतो, “पहिला तो पहिलाच, भाऊ.” वर्षानुवर्षं म्हणतोय. आणि ते खोटं आहे. दुसरा भाग सरस होता. कितीतरी सरस.

पहिल्यात नुसती पळापळ. दुसऱ्यात दोघे हवालदार चुकून स्वतःलाच लॉकअपमध्ये कोंडून घेतात, आणि किल्ली बाहेर, चोराच्या हातात. जाडा गजाआडून हुकूम सोडतो, “उघड! बाहेर आलो का पहिले तुलेच अटक करतो!” चोर जरा विचार करतो. “मंग मी कायले उघडू जी?” वाचनाच्या वेळी आमचा पेटीवाला हसून हसून पेटीवरच आडवा झाला. मीही हसलो. आणि हसता हसता लक्षात आलं – सगळी मजा जाड्याच्या वाट्याला. मी शेजारी उभा, वाक्यं पुरवायला. मी!

मग काय केलं असेल मी? वाक्यं विसरलो? छे, ते प्रॉम्प्टरला कळलं असतं. हशा कसा मारतात, ठाऊक आहे? लोकांच्या ओठाशी हसू येतं, नेमकं तेव्हा आपलं पुढचं वाक्य टाकायचं. अर्धा श्वास आधी. लोक ऐकायच्या नादात हसू गिळतात. काय बिनसलं, कुणाला कळत नाही. पहिल्या प्रयोगाला मी तेच केलं, दुसऱ्यालाही. मांडव गप्प.

एवढंच असतं तर मी ते कधीच मिरवून सांगितलं असतं! नटांमध्ये असलं चालतं. पण –

दुसऱ्या दिवशी दुपारी देवाजी कुडव्याला माझ्या घरी आला. अंगावर मिलचा कोंडा. “काऊन बे, लोक हासून नाही राहिले? माह्या लिहिण्यातच खोट हाय का?”

साऱ्या मंडळीत तो मलाच विचारायला आला. आणि मी हनुवटी खाजवली. विचार करत असल्याचा अभिनय केला. “लॉकअप लांबून राहिला. काप.”

“सारा?”

“सारा.”

माझ्याच ओट्यावर बसून, माझ्याच पेननं, त्यानं तो प्रवेश फुल्या मारून काढला. वर म्हणाला, “बरं झालं तू खरं सांगतलं. बाकीचे तोंडावर वाहवा करतेत.” बायकोनं चहा आणला. मी प्यालो. गोड लागला. हो, लागला, आता खोटं कशाला बोलू?

लॉकअप गेल्यावर उरलं काय? पुन्हा सायकल, पुन्हा पळापळ – पहिल्याचीच शिळी भाजी. नाटक पडलं. मंडळीनं परत पहिला भाग लावला. मी परत पुढे, लोक परत उभे! देवाजीनं त्यानंतर एक ओळ लिहिली नाही.

थांबा, अजून आहे. काही वर्षांनी दुसऱ्या एका नाटकात तो लॉकअप मी घातला. माझा म्हणून. या वेळी हुकूम सोडणारा हवालदार मीच, आणि हशा अगदी पुरा येऊ दिला. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी! प्रयोगानंतर देवाजी पडद्यामागे आला. मी मिशी सोडवत होतो. वाटलं, आता धरतो गचांडी. त्यानं हात धरला.

“पाहिलं ना बे? माह्या तोंडून नाही हासले, तुह्या तोंडून हासले. म्हंजे लिहिलेलं बरं होतं. खोट माह्यातच होती.”

खरं सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. हशा मारायला मी अर्धा श्वास आधी बोलायचो, इथे अख्खा श्वास घेतला, आणि म्हणालो, “असते बा एकेकाची जीभ.”

तो हसला आणि गेला. बाहेर लोक माझं नाव घेऊन ओरडत होते. मी मिशी परत चिकटवली आणि त्यांच्यापुढे गेलो.