दौलतसिंगची रिकामी गादी

दौलतसिंग गेल्याचा निरोप कळसाडीहून आला तेव्हा मी शाळेत हजेरी घेत होतो. ती अर्धीच राहिली. आता महिना होत आला, तरी जीव थाऱ्यावर नाही.

आम्ही एका वर्गात शिकलो. त्याच्या पणजोबांचं सातपुड्याच्या पायथ्याचं छोटं राज्य इंग्रजांनी खालसा केलं होतं. उरली होती एक लाल गादी. दर दसऱ्याला दौलतसिंग ती ओसरीवर अंथरी आणि स्वतः शेजारी घोंगडीवर बसे. राज्य परत मिळेपर्यंत गादीवर कुणी बसायचं नाही, असा त्या घराचा नेम. डोंगरातले दोन-चार म्हातारे मध घेऊन येत, रिकाम्या गादीला मुजरा करत, आणि मग आमचा दरबार भरे. राज्य परत आलं तर... यातच दुपार सरे. नदीकाठच्या प्रकाशा गावाला घाट बांधायचा, रानातल्या लाकडावरची बंदी उठवायची. मी दिवाण होतो. खोटं कशाला बोलू, चौथीपर्यंतच्या शाळेतल्या मास्तरला ती दिवाणकी फार गोड लागायची.

इंग्रज जाणार अशी बोलवा उठली आणि दरबाराला जोर चढला. त्याच सुमारास रनाळ्याहून त्याच्या मुलीला, केसरला, स्थळ आलं. मुलगा कष्टाळू, घरची शेती. केसरला तो आवडला होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पाहुणे अंगणात हात धुवायला गेले तसा दौलतसिंग माझ्याकडे वळला. केसर तिथंच कपबशा उचलत होती.

"राज परत उनं ते राजानी पोर कापूस येचाले जाई का? काय म्हंतस, दिवाणजी?"

मित्राला विचारलं असतं तर मी त्याला चांगला झापला असता. त्यानं विचारलं दिवाणाला. मी मान डोलावली.

"घाई काय शे?" मी म्हणालो.

मुलाचं वैशाखात दुसरीकडे जमलं. इंग्रज गेले, राज्य काही कुणी आणून दिलं नाही, आणि केसरलाही पुन्हा कुणी विचारलं नाही... शेवटच्या भेटीतही दौलतसिंग घाटाच्या पायऱ्या मोजत होता. केसरचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. याची मला लाज वाटते.

तेरावं झाल्यावर कळसाडीला गेलो. दसरा लांब होता, तरी ओसरीवर गादी अंथरलेली. तिच्यावर केसर बसली होती, मांडीवर सूप घेऊन गहू निवडत. जन्मभर मला काका म्हणणारी पोर. मला बघून ती जरा सरकली, शेजारी जागा केली.

"या दिवाणजी, बठा," ती म्हणाली. "आते घाई काय शे?"