उंटाची मान कुठवर पोचते

धसईच्या वाटेवर मुंबईच्या कुणीतरी फार्महाऊस बांधलं आणि पाहुण्यांना फिरवायला उंट आणला. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मुरबाड तालुक्यात उंटाचं काय काम, हे कुणालाच पटेना. त्याच्या वासाने म्हशी आटतात, असं निम्मा गाव म्हणायचा. मलाही ते जनावर आवडलं नव्हतं. सदा काहीतरी चघळत, अर्धे डोळे मिटून बघायचं.

तेव्हा आमच्या घरात वेगळाच संशय धुमसत होता. परसात वालपापडीचा मांडव होता. अगदी वरच्या शेंगा बियाण्यासाठी वेलावरच वाळवायच्या, म्हणजे शेळ्यांचं तोंड पोचत नाही. ते बी सासूबाईंनी माहेराहून आणलेलं. माहेरी आता कुणीच उरलं नव्हतं, घराच्या जागी नुसतं जोतं होतं. त्या वर्षी दर रविवारी आम्ही शेतावरून परतलो की वरच्या शेंगा कमी झालेल्या दिसत.

"शेजारणीचाच हात पुरतो तितका," सासूबाई म्हणायच्या. शेजारीण म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, आमची काकी. काकी खरंच उंच होती. मीही मान डोलवली. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

एका रविवारी कल्याणहून माझी बहीण आली आणि उंटावर बसायचंच म्हणून हटून बसली. शेतावर जाणं राहिलं. दोघी बसलो. उंट आधी मागचे पाय उचलून उठला तशी मी पुढे कोसळता कोसळता वाचले. माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. उंटवाला दोरी धरून पुढे चालला, नेहमीच्या वाटेने, म्हणजे आमच्या परसामागून.

मांडवाजवळ उंट आपणहून थांबला. त्याने मान लांबवली आणि उरलेला वाळक्या शेंगांचा घोस वेलासकट ओढला. मी वरून बघतेय, ओरडतेय, आणि तो शांतपणे चावतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आम्ही!

सासूबाई धावत आल्या. वेल उघडा पडलेला बघून मटकन खाली बसल्या. "गेलं गो माझं बी," म्हणून रडायलाच लागल्या.

कुंपणापलीकडे काकी उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. ती आत गेली आणि राखेत घोळलेलं मूठभर बी घेऊन आली.

सासूबाईंनी एक दाणा पदराला पुसला, उलटासुलटा केला. डोळे बारीक झाले.

"हे तं आमचं बी. तुज्याकडं कुठून आलं गो?"

"मी लगीन होऊन आले तवा तुमीच दिलंवतं, आक्का. दरसाल लावतंय."

आम्ही दोघी अजून उंटावरच. आम्हाला उतरवायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. सासूबाईंनी त्यातलं निम्मं बी काकीच्या हातात परत ओतलं.

"सगलं मला देऊं नको. तुज्याकडं ऱ्हाऊं दे. माज्या मांडवाचा काय भरवसा नाय."