पलंगाची रुंदी

सागाच्या भुशाचा वास आला की कर्वेनगरचा सायबर कॅफे आठवतो. वडील सुतार होते. लोकांचे पलंग बनवत आणि आम्ही जमिनीवर झोपत असू. ते गेल्यावर त्यांच्याबरोबर काम करणारे काका म्हणाले, "दादाचा घरचा पलंग राहिलाच, तो मी करतो. लाकूड किती लागेल ते तू काढ, कॉलेजवाल्या." मग त्या कॅफेत बसून इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये मी वडिलांनी ठरवलेली मापं भरली, लांबी सहा फूट, रुंदी पाच. शेजारी बसलेली आई बराच वेळ पडद्याकडे बघत होती. मग म्हणाली, "रुंदी तीन कर रे." मी केली. घनफूट लगेच कमी झाले. पलंग तीन फुटांचाच झाला आणि आई आजही त्याच्या एका कडेलाच झोपते.